घरच्या खाऱ्या टाकीत ऑक्टोपस आलाय (करवंटीसकट). पुढे काय करू?

मठग्रामस्थ – २ नोव्हेंबर, रात्री ११:४८

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथे हुमण आणि उड्डामेथीच्या पाककृतींच्या धाग्यांवर पडीक असतो. आजचा प्रश्न जिवंत प्राण्याचा आहे आणि जरा तातडीचा आहे.

सकाळी बाणावलीला रापण लागली तेव्हा तारले मिळतील म्हणून उभा होतो. जाळं वर आलं, मासे टोपल्यांत गेले आणि वाळूवर नेहमीचा कचरा उरला. प्लास्टिक, फुटके शिंपले, एक अर्धी करवंटी. रापणीवरच्या एका पोराने करवंटी पायाने उडवली, ती पालथी पडली आणि मग चालायला लागली. खरंच चालायला लागली, पाण्याच्या दिशेने, थांबत थांबत. उचलून पाहिलं तर आत मुठीएवढा ऑक्टोपस, आठही हात कडेला घट्ट (फोटो सोबत). पोरगा म्हणाला, "व्हर आनी तळून खा" (ने आणि तळून खा). मी बादलीत समुद्राचं पाणी भरलं, करवंटी त्यात सोडली आणि बादली स्कूटरवर पायाशी ठेवून मडगावला आलो. वाटेत एका स्पीडब्रेकरला पाणी काळं झालं. आठ वर्षांच्या लेकीने तेवढ्यावरून नाव ठेवलंय काजळ. ती "ती" म्हणते म्हणून मीही "ती" म्हणतोय.

घरी चार फुटी, २४० लिटरची खारी टाकी दोन वर्षांपासून चालू आहे. स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र), शिंपल्यांची वाळू, सिरॅमिकचे दगड, दोन क्लाउनफिश, पाच हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे). घनता १.०२५, तापमान २८, पीएच ८.१, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. संध्याकाळी काजळला आत सोडलं. हर्मिट क्रॅब आता चार आहेत. पाचव्याचा शंख करवंटीच्या दाराशी पडलाय, धुतल्यासारखा रिकामा.

प्रश्न: खायला काय द्यायचं? क्लाउनफिशना धोका आहे का? पाळणं कायद्यात बसतं का? किती जगते? बायको विचारतेय की चावते का. आई विचारतेय की हे घरात किती दिवस.

पाकशास्त्री – ३ नोव्हेंबर, ००:१०

कुकरला दोन शिट्ट्या, मग आलं-लसूण, मिरपूड, वरून लिंबू. हलकेच घ्या.

वेंगुर्ल्याची_सून – ३ नोव्हेंबर, ००:३२

पाकशास्त्री, मांजर हरवल्याच्या धाग्यावर तरी नव्हती ना टाकली पाककृती?
धागाकर्ते, वाचतेय. करवंटी चालली हे वाचून अंगावर काटा आला.

दादरकर – ३ नोव्हेंबर, ००:४१

तो जर्मनीचा पॉल ऑक्टोपस आठवला. २०१० च्या वर्ल्डकपला जर्मनीच्या सातही सामन्यांचे आणि वर अंतिम सामन्याचे निकाल त्याने बरोबर सांगितले होते. काजळसमोर दोन डबे ठेवून पंचायत निवडणुकीचं विचारून बघा.

दादरकर – ३ नोव्हेंबर, ००:४१

दुबार प्रतिसाद काढून टाकला आहे.

खाजणातली – ३ नोव्हेंबर, सकाळी ६:२५

मठग्रामस्थ, उठलात की आधी हे वाचा, बाकीचं नंतर.

पहिली गोष्ट झाकण. टाकीवर काच असेल, पण पाइप आणि वायरींसाठी कोपऱ्यात फट असणार. ऑक्टोपसच्या अंगात कडक म्हणावी अशी एकच गोष्ट, ती म्हणजे पोपटासारखी चोच. चोच जिथून जाते तिथून सगळा ऑक्टोपस जातो. न्यूझीलंडच्या नेपियर शहरातल्या मत्स्यालयातून २०१६ साली इंकी नावाचा ऑक्टोपस रात्री टाकीबाहेर पडला, जमिनीवरून सरपटत गेला आणि सांडपाण्याच्या नळीतून थेट समुद्रात पोचला. तुमच्या मोरीतून समुद्र लागणार नाही. फटी स्पंजाने बुजवा, काचेवर वजन ठेवा. मोठ्या मत्स्यालयांत टाकीच्या काठाला आतून कृत्रिम हिरवळीची पट्टी लावतात, त्या खरखरीत पृष्ठभागावर चोषकांना पकड मिळत नाही.

दुसरी गोष्ट, क्लाउनफिश आजच काढा. आज भूक नसेल तर उद्या लागेल.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. या टाकीत कधी तांब्याचं औषध घातलंय का? क्लाउनफिशना पांढरे ठिपके आले की दुकानदार निळं औषध देतात, ते तांब्याचं असू शकतं. माशांना ते मोजून दिलं तर चालतं, पण खेकडे, शंख आणि ऑक्टोपस त्याने मरतात. गंमत अशी की ऑक्टोपसचं रक्त स्वतः तांब्यावर चालतं. आपल्या रक्तात लोह, त्यांच्या रक्तात तांबं, म्हणून ते निळसर. पण पाण्यात विरघळलेलं तांबं कल्ल्यांतून आत शिरलं की विषच. आणि शिंपल्यांची वाळू ते शोषून घेते आणि महिनोन्महिने थोडं थोडं सोडत राहते.

फोटो पाहिला. चोषक निळसर पांढरे, हात गडद आणि अंगावर पानाच्या शिरांसारख्या रेषा. त्यात करवंटी! हा ॲम्फिऑक्टोपस मार्जिनेटस असावा, ज्याला नारळाचा ऑक्टोपस म्हणतात तोच. २००९ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याच्यावर निबंध छापला होता. इंडोनेशियात हे ऑक्टोपस अर्ध्या करवंट्या पोटाखाली धरून, हात काठ्यांसारखे ताठ करून समुद्राच्या तळावर चालत जातात आणि मोकळ्या जागी पोचले की दोन अर्ध्या जुळवून आत बसतात. आज कामाची नसलेली वस्तू उद्यासाठी वाहून नेणं, हे हत्याराच्या वापरात मोडतं असं त्यांचं म्हणणं. तुमच्या काजळने तेच केलं, फक्त कोरड्या वाळूवर आणि मासे न्यायला आलेल्या माणसांच्या पायांत.

चावते का? डिवचलं तर चावू शकते आणि लाळेत विष असतं. या जातीचं विष माणसाला जीवघेणं नाही, पण हातात घेऊन खेळायचं जनावर नव्हे. लेकीला आत्ताच सांगा. निळ्या कड्यांचा इवलासा ऑक्टोपस कधी दिसला तर मात्र त्याला बोटही लावायचं नाही. फुग्या माशात असतं तेच विष त्यात असतं आणि त्यावर उतारा नाही.

मठग्रामस्थ – ३ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

ताई, खूप आभार. क्लाउनफिश जुन्या दोन फुटी टाकीत हलवले. फटी बुजवल्या, वर आईचा पाटा ठेवला. तांब्याचं औषध या टाकीत कधीच घातलेलं नाही, एकदा ठिपके आले होते तेव्हा मासे वेगळ्या टबात ठेवले होते. त्यामुळे तांब्याचा प्रश्न नाही.

रापणीचा_भाचा – ३ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

माझा मामा त्याच रापणीवर आहे. म्हणतो असे करवंटीवाले पाऊस संपल्यावर अधूनमधून येतात, पण रापणीवर त्यांना कोणी भाव देत नाही. माणक्या (स्क्विड) मिळाल्या तर लोक खूश, हे कुत्र्याला टाकतात. पुढे पाणी लागलं तर सांगा, होडीतून लाटांच्या पलीकडचं आणून देतो. फक्त बेतूलला सांळ नदीच्या तोंडाशी भरू नका, तिथलं पाणी अजून गोडसर असेल.

खाजणातली – ३ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

औषध नाही म्हणता ते ठीक. पण दोन गोष्टी सांगा. रोज पाणी उडतं तेवढं भरायला कुठलं पाणी वापरता? आणि टाकीत शंख नाहीत का? दोन वर्षांच्या टाकीत काच चाटणारे शंख असतात सहसा.

मठग्रामस्थ – ३ नोव्हेंबर, दुपारी १:५५

ऑफिसातून लिहितोय, घाम फुटलाय.

शंख होते. आठ-नऊ होते. ऑक्टोबरात एकेक करून मेले. मला वाटलं ऊन वाढलं म्हणून.

पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं भरतो. पूर्वीचं मशीन साधं होतं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) ऑफरमध्ये नवीन घेतलं. आत्ता बायकोला फोन करून मशीनवर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. "कॉपर." पाण्यात तांबं मिसळणारं मशीन आहे! आईनेच हट्टाने घेतलं होतं, तांब्याच्या भांड्यातलं पाणी आरोग्याला चांगलं म्हणून.

खाजणातली – ३ नोव्हेंबर, दुपारी २:१५

वाटलंच होतं.

हिशेब करा. चार फुटी टाकी, वर पंखा असेल तर रोज तीनेक लिटर उडतं. चवथीपासून दोन महिने धरले तरी १८० लिटर पाणी त्या मशीनमधून टाकीत गेलं. पाणी हवेत जातं, तांबं कुठेच जात नाही. घोटाभर पाण्यात ते माणसाला औषधाइतकंही नसतं, पण टाकीत रोज साठत गेलं. शंख आधी गेले. हर्मिट क्रॅब टिकले म्हणून तुम्हाला संशय आला नाही.

मासे ठेवणाऱ्यांची ही नेहमीची चूक. मीठ, मासे, दिवे यांचा विचार होतो, भरायचं गोडं पाणी कुठलं याचा नाही. खाऱ्या टाकीला साधं आरओ आणि त्यापुढे डीआयची नळी (उरलेसुरले क्षार काढणारी), बाकी काही नको. पितळेची तोटीही नको.

काजळला आज संध्याकाळपर्यंत त्या पाण्यातून काढा. टेस्ट किट शून्य दाखवेल, त्यावर विसंबू नका, वाळूत काय दडलंय ते किट सांगत नाही.

रापणीचा_भाचा – ३ नोव्हेंबर, दुपारी २:२०

मामाला सांगितलं. संध्याकाळी पाचला पाच कॅन घेऊन येतो. घरी पिंप आहे का मोठं?

मठग्रामस्थ – ४ नोव्हेंबर, पहाटे ००:३०

भाच्याचे उपकार कसे फेडू कळत नाही. स्वतःच्या रिक्षातून १७० लिटर पाणी आणलं आणि पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत.

२०० लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप कोरं होतं, पाण्याच्या टंचाईसाठी घेतलेलं. त्यात पाणी, दोन एअर पंप, एक साधा स्पंज फिल्टर. काजळला करवंटीसकटच उचललं. ती करवंटी सोडायला तयारच नाही. पिंपाचं झाकण लावलं, हवेच्या नळीसाठी मध्ये भोक पाडलं, वर दोन चिरे ठेवले.

दोन खुबे आणि रुपयाएवढी एक जिवंत कुर्ली टाकली. मिठाईच्या खोक्यातला लाल जिलेटीन कागद टॉर्चला गुंडाळून पाहिलं, कुठेतरी वाचलं होतं की लाल उजेड त्यांना जाणवत नाही. कुर्ली तळाशी फिरत होती. करवंटीतून आधी एक डोळा वर आला. मग काही हललं नाही, दोन मिनिटं तरी. मग तिचा रंग गेला, गडद विटकरीवरून एकदम पांढरी पडली, हात पसरले, मधला पडदा छत्रीसारखा उघडला आणि छत्री कुर्लीवर बसली. आवाज नाही, झटापट नाही. अर्ध्या तासाने कवच बाहेर आलं. पाठीचं झाकण वेगळं, नांग्या वेगळ्या, आत काही नाही. मी जन्मभर कुर्ल्या खातोय, इतकी स्वच्छ मला कधी जमलेली नाही.

पाकशास्त्री – ४ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

माघार घेतो. हा परिच्छेद वाचून मलाच भूक लागली, पण कुर्लीची.

निळेशार – ४ नोव्हेंबर, सकाळी ११:०२

कायद्याचं कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत ऑक्टोपस नाही. पण प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आहेत. तेव्हा टाकीच्या शोभेसाठी ग्रँड आयलंडच्या बाजूने प्रवाळाचा दगड उचलून आणाल तर गुन्हा होतो. धागाकर्त्यांनी सिरॅमिकचे दगड वापरलेत हे बघून बरं वाटलं.

अवांतर: ब्रिटनने २०२२ साली कायदा करून ऑक्टोपस आणि खेकड्यांना वेदना कळणाऱ्या प्राण्यांत धरलंय. आपल्याकडे कधी होईल माहीत नाही.

मठग्रामस्थ – ६ नोव्हेंबर, पहाटे ४:५०

पळाली.

साडेतीनला मोरीत जायला उठलो. पॅसेजमध्ये फरशीवर ओला पट्टा, गोगलगायीचा असतो तसा पण रुंद. पिंपाकडे पाहिलं, चिरे जागच्या जागी. झाकणाचं भोक मी नळीपेक्षा जरा मोठं पाडलं होतं, दोन बोटं जातील एवढं. तिथून! मुठीएवढं जनावर दोन बोटांच्या भोकातून.

ओल्या पट्ट्याने थेट न्हाणीघरात नेलं. आमचं घर जुनं, अजून आंघोळीचं पाणी तापवायचं भाण आहे. काजळ भाणाखालच्या ओल्या जागेत अंग चोरून बसली होती. अख्ख्या घरात लपायला तिला तांब्याचंच भाण सापडलं!

ओल्या टॉवेलने उचलून पिंपात टाकली. पहिली काही मिनिटं तळाशी नुसती पडून, रंग राखेसारखा. मग करवंटी शोधली, आत गेली. आता डोळे दिसतायत. भोकात आता स्पंज कोंबलाय. आई जागी झाली, सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "तिला जायचंय हे तुला अजून कितीदा सांगायला हवं?"

खाजणातली – ६ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

जगली, नशीब. कल्ले ओले असले की थोडा वेळ तग धरतात. कोरड्या फरशीवर असती तर वेगळंच लिहावं लागलं असतं.

तुमच्या आईंशी सहमत आहे, पण माझं कारण वेगळं. पिंपात फिल्टर पिकलेला नाही. ती खाणार, घाण करणार, अमोनिया चढणार. पाणी रोज बदलाल तरी किती दिवस? मोठी टाकी सगळी उपसून, वाळू फेकून, धुऊन, नव्याने चालू केली तर अमोनिया खाणारे जिवाणू बसायला महिना-दीड महिना लागतो, आणि ऑक्टोपससाठी मी तीन महिन्यांच्या आत हो म्हणणार नाही. पिंपात तिचे तीन महिने काढायचे? तिचं सगळं आयुष्यच वर्षभराचं, त्यातलं किती सरलंय आपल्याला ठाऊक नाही.

सोडा. जिथून आली तिथेच, लाटांच्या पलीकडे. फक्त चार दिवस घरात होती, त्यातले तीन समुद्राच्याच पाण्यात, त्यामुळे सोडण्यात धोका कमी. सहा महिने दुकानच्या माशांबरोबर राहिली असती तर सोडू नका म्हटलं असतं, रोग सोबत जातात.

दादरकर – ६ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

जरा दुसरी बाजू. समुद्रात तिला चोणक खाणार, नाहीतर पुढची रापण. पिंपात निदान रोज कुर्ली मिळते.

खाजणातली – ६ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

मिळते खरी. तरी पहाटे साडेतीनला ती बाहेर पडली.

मठग्रामस्थ – ८ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

सोडून आलो.

भाच्याच्या मामाने होडी काढली. मी, लेक आणि मांडीवर बादली. लाटा ओलांडून पाणी जरा शांत झालं तिथे थांबलो. मामा म्हणाले इथे तळ रेतीचा आहे, चार वाव पाणी. नुसती बादली उपडी करायची माझी तयारी नव्हती. करवंटी तळहातावर घेतली आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. ती आतच. मग एक हात आला, माझ्या मनगटाभोवती फिरला आणि तिथेच थांबला. ते चोषक म्हणे चवही घेतात. माझी चव कशी लागली कोण जाणे, सकाळी साबण लावला होता. एकेक चोषक सुटताना टप टप असं बारीक जाणवतं, ओलं स्टिकर सोलल्यासारखं. शेवटचा सुटला तेव्हा करवंटीसकट खाली गेली. दोन हात खोल दिसत होती, मग फक्त हिरवं पाणी.

मनगटावर गोल गोल ठसे होते, आत्ता जेवताना पुसट झालेत. लेक येताना एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर आईने तिला खोबरं किसून दिलं आणि रिकामी करवंटी फेकू नको म्हणाली.

वेंगुर्ल्याची_सून – ८ नोव्हेंबर, दुपारी १:०५

डोळ्यात पाणी आणलंत. आजीला नमस्कार सांगा.

सांगेकर – १४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

धागा पूर्ण वाचला. मला मुद्दाम, तयारीनिशी ऑक्टोपस पाळायचा आहे. ३०० लिटरची टाकी घेईन, चिलर घेईन, पैशांचा प्रश्न नाही. खाजणातली यांनी स्वतः पाळला होता असं वाटतं. जमतं का, एवढंच सांगा.

खाजणातली – १५ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

जमतं. मी सात महिने पाळला. पण पैशांचा प्रश्न नाही म्हणता, तर प्रश्न कशाचा आहे ते सांगते.

माझी टाकी ३०० लिटरचीच, खाली वेगळा संप (फिल्टरची टाकी), मोठा स्किमर, तीन महिने रिकामी चालवलेली. करंजाळ्याच्या एका मच्छीमाराने पिल्लू आणून दिलं, लिंबाएवढं डोकं. पहिले पंधरा दिवस मला ते दिसलंच नाही, फक्त सकाळी मडक्याबाहेर तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग. एका शिंपल्याला बारीक गोल भोक होतं, जिभेने कोरून आत लाळ सोडतात. मग ओळख झाली. मी खोलीत आले की काचेला चिकटून बसायचा, माझी बहीण आली की मडक्यात. दिवा रात्री बाराच्या पुढे चालू ठेवला की नळीतून पाण्याची पिचकारी मारायचा, दोनदा बल्ब गेला. चेतापेशी पन्नास कोटींच्या घरात आणि त्यातल्या दोन तृतीयांश हातांतच. माझ्या मते त्याचा एक हात काय करतोय हे त्याच्या डोक्यालाही सगळं माहीत नसावं.

काम किती? रोज जिवंत खाणं. खाजणातल्या बारक्या कुर्ल्या, खुबे, कधी कांडीला लावून सुंगट (कोळंबी). खाऊन झाल्यावर उरलेलं लगेच काढायचं. आठवड्याला पाणी बदलायचं. एकदा सफाई करताना मडकं घसरलं, शाई सुटली, अर्ध्या तासात फिल्टरमधला कोळसा बदलून अर्धी टाकी बदलावी लागली. शाईतला चिकटपणा कल्ल्यांवर बसला तर स्वतःच्याच शाईत गुदमरतात.

आणि पावसाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, समुद्राचं पाणी गढूळ आणि नदीचं पाणी मिसळलेलं. जुलैत मांडवीत पणजीपाशी वरचं पाणी जवळजवळ गोडं असतं. त्यात वीज. एका रात्री साडेसहा तास नव्हती. इन्व्हर्टर पाच तासांत बसला, उरलेला दीड तास मी आणि नवरा आळीपाळीने तांब्याने, हो, स्टीलच्या तांब्याने, पाणी उचलून वरून ओतत होतो. ऑक्टोपसला प्राणवायू माशापेक्षा लवकर कमी पडतो, आणि पाणी गरम तेवढा तो आणखी कमी.

सातव्या महिन्यात खाणं सोडलं. तेव्हा कळलं की तो ती आहे. मडक्याच्या छताला अंड्यांच्या लडी, पांढऱ्या, तांदळाच्या कण्यांएवढ्या. मादी अंड्यांवर बसली की खात नाही, त्यांच्यावर पाणी फुंकत राहते, हाताच्या टोकांनी पुसत राहते. वोडिन्स्की नावाच्या शास्त्रज्ञाने १९७७ साली दाखवलं की डोळ्यांच्या मागची एक ग्रंथी काढली तर मादी अंडी सोडते, पुन्हा खायला लागते आणि जास्त जगते. म्हणजे हा आजार नव्हे, आतूनच आलेला हुकूम. मी कुर्ली तोंडाशी नेली, तिने ती हळूच बाजूला केली. मारली नाही, नुसती बाजूला केली.

अंडी फुटली त्या रात्री टाकी भरून ठिपके तरंगत होते, तिळाएवढे, आणि प्रत्येकाला दोन डोळे. समुद्रात ते आठवडेच्या आठवडे वाहत जातात, घरच्या टाकीत त्यांना खाऊ घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी एकही नाही. ती त्यानंतर आठ दिवसांनी गेली.

पुन्हा पाळाल का असं नवरा विचारतो. मी टाकी विकली नाही आणि भरलीही नाही.

सांगेकर – १५ नोव्हेंबर, रात्री १०:१२

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. पावसाळ्याचं डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडे सांग्याला वीज जाते तेव्हा जातेच. आधी एक वर्ष नुसते शंख आणि खेकडे ठेवून बघतो.

खाजणातली – १६ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

एक पावसाळा निघू दे. मग विचारा.

वेंगुर्ल्याची_सून – १६ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

भाबडा प्रश्न. टाकीसाठी महागडं मीठ का? आमच्या शिरोड्याला मिठागरं आहेत (१९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला तेच शिरोडे), तुमच्या पेडण्यात आगरवाड्याला आहेत. ते मीठ समुद्राचंच ना?

निळेशार – १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

समुद्राचंच, पण सगळा समुद्र त्यात नाही. आगरात पाणी आटत जातं तसा आधी चुन्याचा भाग खाली बसतो, मग आपलं खायचं मीठ, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहून वाहून जातं. समुद्राच्या एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, त्यात मॅग्नेशियम १.३ ग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम ०.४. मिठागराच्या मिठात हे प्रमाण पार बिघडलेलं. त्यात मासे लोणच्यात राहतील, टाकीत नाही. धागाकर्त्यांच्या २४० लिटरला साडेआठ किलो लागतं, तयार मिश्रणच घ्यावं.

मठग्रामस्थ – ९ मे, रात्री १०:०५

धागा वर काढतोय, बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं.

मोठी टाकी डिसेंबरात पूर्ण उपसली. वाळू अंगणात माडाच्या मुळाशी टाकली. स्वतंत्र आरओ-डीआय बसवलं, त्याच्या नळाला लेकीने "काजळचं पाणी" अशी चिठ्ठी चिकटवलीय, आईने चुकूनही तिथून घोट घेऊ नये म्हणून. शंख पुन्हा आणले, पाच महिन्यांत एकही मेला नाही. क्लाउनफिश परत आत आहेत. लेकीने एक करवंटी घासून ठेवली होती, ती मी आत टाकू दिली. मोठा क्लाउनफिश रात्री तिच्यात झोपतो.

आईचा प्रश्न इथे विचारतो, तिने वचन घेतलंय: जे पाणी ऑक्टोपसला चाललं नाही ते माणसाला कसं चालतं?

खाजणातली – १० मे, सकाळी ६:५०

काकूंना सांगा, आपण पाणी पितो, त्यात राहत नाही. थोडं तांबं आपल्यालाही लागतं, जास्तीचं यकृत बाहेर टाकतं. ती मात्र रात्रंदिवस कल्ल्यांतून त्याच पाण्याने श्वास घेत होती.

सांगेकर – १० मे, सकाळी ९:१५

ते निळं पिंप अजून आहे का? असेल तर घेतो. पावसाआधी समुद्राचं पाणी साठवून ठेवायचा विचार आहे.

मठग्रामस्थ – १० मे, दुपारी १:३०

आहे, पण मिळणार नाही. आईने धुऊन वाळवलं आणि त्यात पुरुमेंताचं (पावसाळ्याच्या बेगमीचं) भरून ठेवलंय. खाली सोलं, वर सुकी सुंगटं. झाकणाचं भोक तिने मेणाने बंद केलंय.

पाकशास्त्री – १० मे, दुपारी १:३४

सुक्या सुंगटांची किसमूर. पाककृती टाकू का?

मठग्रामस्थ – १० मे, दुपारी १:३६

टाका.